उंसाचा तांबेरा व नांवाची पारख

उंसावर पडणारा तांबेरा आपल्या देशांत किती प्राचीन आहे, असा प्रश्न बारामतीच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस विचारला, आणि त्याचें उत्तरही त्यांनींच देऊन टाकलें. विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत उंसाच्या शेतावर पडणाऱ्या 'मञ्जिट्ठिका' नांवाच्या रोगाचा उल्लेख आहे. मञ्जिष्ठेच्या रंगाचा तो तांबडा, आणि तांबडा तोच तांबेरा. तेव्हां नीरेच्या कालव्यावर आज जो रोग दिसतो तो बुद्धकालापासून चालत आला आहे, असा त्यांचा निष्कर्ष. स्नेह्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कारण हेंच उत्तर पुष्कळ वर्षें आम्हीही वर्गांत मुलांस सांगत आलों. तें चुकीचें आहे असें आतां आमचें मत झालें आहे. विषय वरकरणी वनस्पतिशास्त्राचा दिसला तरी ती चूक ज्या वाटेनें उमगली ती वाट पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्यांच्या नित्य पायाखालची आहे, म्हणून हें टिपण येथें देण्याचें योजिलें.

प्रथम मूळ स्थळ पाहूं. महाप्रजापति गौतमी हिला प्रव्रज्या देण्याच्या प्रसंगीं, वैशालीच्या मुक्कामीं, बुद्धांनीं आनंदास जे दृष्टान्त सांगितले त्यांत हे दोन लागोपाठ येतात. भाताच्या बहरलेल्या शेतावर 'सेतट्ठिका' पडली म्हणजे तें शेत फार काळ टिकत नाहीं. आणि उंसाच्या बहरलेल्या शेतावर 'मञ्जिट्ठिका' पडली म्हणजे तेंही टिकत नाहीं. स्त्रियांच्या प्रव्रज्येसंबंधीं त्यांत जें म्हटलें आहे त्याचा ऊहापोह करण्याचें हें स्थळ नव्हे. आमचें काम त्या दोन शब्दांपुरतें आहे. एक रोग श्वेत, दुसरा मञ्जिष्ठवर्ण. याहून अधिक मूळ पाठ कांहीं सांगत नाहीं. ऱ्हीस डेव्हिड्स व ओल्डेनबर्ग यांनीं इंग्रजी भाषांतरांत दोहोंसाठीं पिकावरील रोगांचीं मोघम नांवें घातलीं. पुढें इ. स. १९५२ मध्यें हॉर्नरबाईंचें भाषांतर प्रसिद्ध झालें, त्यांत मञ्जिट्ठिकेस 'लाल तांबेरा' हें नांव मिळालें. आमच्या स्नेह्यांचा आधार हाच, आणि आमचाही हाच होता.

भाषांतरावर भिस्त ठेवून टीका न पाहणें हा आळस संस्कृत शिकलेल्या माणसास शोभत नाहीं. समन्तपासादिका ही विनयावरील अट्ठकथा बुद्धघोषाची म्हणून प्रसिद्ध आहे. तींत या दोन्ही शब्दांचा अर्थ स्पष्ट दिला आहे. सेतट्ठिका म्हणजे एक प्रकारचा किडा. तो भाताच्या नळीच्या मध्यभागीं शिरून कांडें पोखरतो, आणि मग लोंबी बाहेर पडली तरी तिच्यांत दूध धरत नाहीं. ज्यांनीं कोंकणांत किंवा मावळांत भात पाहिलें आहे त्यांस याहून अधिक सांगावयास नको; त्या पांढऱ्या, पोकळ लोंब्यांस आपल्याकडे पळींज म्हणतात. म्हणजे ज्यास भाषांतरकारांनीं बुरशी मानलें ती बुरशी नव्हेच, खोडकिडा होय. आणि मञ्जिट्ठिका? अट्ठकथाकार म्हणतो, ऊंस आंतून लाल होणें. 'आंतून' या एका शब्दानें वाद मिटतो.

कारण तांबेरा आंतून पडतच नाहीं. बारामती-इंदापूरकडील मंडळींस हें ठाऊक आहे, परंतु शहरांतील वाचकांसाठीं थोडें सांगतों. कार्तिकापासून माघापर्यंत रात्रीं दंव पडूं लागलें आणि पानें सकाळीं उशिरापर्यंत ओलीं राहूं लागलीं, कीं कोंवळ्या उंसाच्या पानांवर, विशेषतः खालच्या अंगास, प्रथम पिवळे ठिपके दिसतात. ते शिरांच्या दिशेनें लांबट होत जातात, तांबूस तपकिरी होतात, आणि मग पानाची त्वचा फाटून आंतून भुकटी बाहेर पडते. अशा उंसाच्या सरींतून चालत गेलें तर धोतर गेरूंत बुचकळल्यासारखें होतें. पान वाळतें, ऊंस खुरटतो, परंतु टिपरी उभी चिरली तर आंतील गर पांढराच असतो. याउलट जो रोग उंसास आंतून लाल करतो तो निराळा; कृषिखात्याच्या पुस्तकांत त्यास लाल कूज म्हणतात. त्यांत शेंड्याकडील पानें सुकतात, आणि कांडें चिरलें असतां लाल गरामध्यें आडवे पांढरे पट्टे दिसतात व आंबूस वास येतो. या रोगाची बुरशी वेंट या डच शास्त्रज्ञानें इ. स. १८९३ मध्यें जावा बेटांतून वर्णिली. आपल्या दख्खनेंत ही कूज फारशी जाचत नाहीं; तिचा खरा जाच उत्तरेंत, गंगेच्या खोऱ्यांत. ज्या वैशालींत तो दृष्टान्त दिला गेला ती याच टापूंत, आणि जेथें बसून बटलरसाहेबानें या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभीं उंसाच्या कुजीचा अभ्यास केला तें पुसाही त्याच टापूंत. दृष्टान्त देणाऱ्यानें डोळ्यांपुढचें शेत पाहून दृष्टान्त दिला होता, यांत शंका घेण्याचें कारण दिसत नाहीं.

तांबेरा आपल्याकडे प्राचीन नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. चुल्लवग्ग हा त्याचा पुरावा नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. तांबेरा हा शब्द मराठींत जुना आहे. मोल्सवर्थच्या कोशांत तो पिकाच्या रोगास लाविलेला आढळतो. परंतु तेथें मुख्यतः धान्याची गोष्ट आहे. बारामती व इंदापूर हे मूळचे ज्वारी-बाजरीचे तालुके. ऊंस होता तो मोटस्थळाच्या बागाइतांत, विहिरीच्या पाण्यावर. इ. स. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खणला गेला; वीर येथील बंधाऱ्यापासून निघून पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून जाणाऱ्या या कालव्याचें पाणी इ. स. १८८५ च्या सुमारास सुटलें. त्यास पुरवठा करण्यासाठीं वेळवंडीवर भाटघरचें धरण झालें. प्रथम या पाण्यावर पुंड्या ऊंस होई. नंतर जावाहून पी. ओ. जे. २८७८ आला, आणि त्यामागून कोइमतूरच्या संस्थेनें तयार केलेले संकरित ऊंस आले. त्यांतला को ४१९ या भागांत घरोघर माहीत झाला. इ. स. १९३२ मध्यें नीरेच्या पलीकडील तीरास पाडेगांव येथें उंसाचें संशोधनकेंद्र निघालें, आणि त्याच दशकांत इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. अर्ध्या शतकांत जेथें तुरळक मळे होते तेथें मैलांचे मैल एकाच जातीचा ऊंस उभा राहूं लागला. तांबेऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ही मेजवानीच होती.

या मेजवानीचें पान मांडलें तें को ४७५ या जातीनें. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई राज्याच्या दख्खन भागांत हा ऊंस लावला जाऊं लागला होता, आणि त्यावर तांबेरा असा पडला कीं ती जात सोडून द्यावी लागली. ज्या कुटुंबांनीं सोसायटीचें कर्ज काढून आडसाली लागण केली होती त्यांस हा रोग लॅटिन नांवानें ओळखावयाचा नव्हता; त्यांस बेणें बदलावयाचें होतें. परंतु कोणतें बेणें टिकेल हें सांगण्यासाठीं रोग कोणता हें आधीं ठरावें लागतें. नांवाचा प्रश्न असा थेट शेतावर येतो.

तोंपर्यंत उंसावरील तांबेऱ्याचें एकच नांव शास्त्रास ठाऊक होतें. जावांत क्रूगर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८९० मध्यें त्याचें वर्णन केलें आणि कून या कृषिपंडिताच्या गौरवार्थ त्यास 'कूनिआय' हें विशेषण दिलें. परंतु वंश चुकविला. ज्यांचे काळे बीजाणु एकपेशी असतात त्या युरोमायसेस वंशांत त्यानें ही बुरशी घातली. बटलरसाहेबानें इ. स. १९१४ मध्यें तिचे दोन पेशींचे बीजाणु दाखवून तिला पक्सिनिया वंशांत आणलें. (हें वंशनाम फ्लॉरेन्सच्या पुच्चिनी नांवाच्या एका वैद्यावरून पडलें आहे.) इ. स. १९५० मध्यें पटेल, कामत व पाध्ये या त्रयीनें मुंबई राज्यांतील उंसावर आढळलेल्या पक्सिनियाविषयीं एक छोटें टिपण 'करंट सायन्स' या नियतकालिकांत छापलें. त्याच वर्षीं चोना व मुंजाल यांनीं 'इंडियन फायटोपॅथॉलॉजी' मध्यें देशांतील उंसावरील पक्सिनिया कूनिआयवर लेख लिहिला. रोग एक, लिहिणारे अनेक, आणि पुस्तकांत नांव एकच तयार. अशा वेळीं नव्या पोथीस जुन्या ग्रंथाचें नांव चिकटण्याचा संभव किती असतो हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

वस्तुतः उंसावर दोन तांबेरे आहेत. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें असतां पहिल्याचे, म्हणजे कूनिआयचे, बीजाणु फिकट सोनेरी असतात आणि त्यांची भिंत शेंड्याकडे बहुधा जाड झालेली असते. दुसऱ्याचे बीजाणु गडद दालचिनी रंगाचे, भिंत सर्वत्र सारख्या जाडीची, आणि त्यांच्यामध्यें गदेच्या आकाराचे वांझ केश उभे असतात. हा भेद ध्यानांत येण्यास वेळ लागला तो, हा दुसरा तांबेरा उंसावर नव्हे तर दुसऱ्याच गवतावर, दुसऱ्याच नांवानें आधीं नोंदला गेला होता म्हणून. पॅडविक व खान यांनीं इ. स. १९४४ मध्यें हिंदुस्थानांतील बुरशींवरील आपल्या टिपणांत एरिअँथस या उंसाच्या नातलग गवतावरील तांबेरा नवी जाति म्हणून प्रसिद्ध केला आणि त्यास पक्सिनिया एरिअँथाय म्हटलें. उंसावरील दुसरा तांबेरा हाच, असें पुढें निष्पन्न झालें. इ. स. १९६४ मध्यें लाँडन व वॉटर्स्टन यांनीं क्यू येथील बुरशीसंस्थेच्या वर्णनमालेंत दोन्ही जातींचीं वर्णनें स्वतंत्र पत्रकांवर छापलीं, तेव्हां हा घोटाळा एका बाजूनें सुटला.

दुसऱ्या बाजूनें तो अधिक गमतीचा झाला. याच तांबेऱ्याचें त्याहूनही जुनें एक नांव कागदोपत्रीं पडून होतें. सिडोव पितापुत्रांनीं इ. स. १९०७ मध्यें हिंदुस्थानांतून आलेल्या बुरशींची यादी छापली, तींत आसामांतील एका तांबेऱ्यास पक्सिनिया मेलॅनोसेफाला हें नांव होतें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'काळ्या डोक्याची'. संस्कृतांत कृष्णशीर्षा म्हणावें. (या 'केफाले' शब्दाशीं आपल्या 'कपाल' शब्दाचें नातें जोडण्याचा मोह आम्हांस झाला होता, भाषाशास्त्र तें नातें मान्य करीत नाहीं. सादृश्यावरून उडी मारण्याची खोड जात नाहीं, ती अशी.) हें नांव इतकीं वर्षें कोणाच्या लक्षांत कां आलें नाहीं? कारण नमुन्यावरील चिठ्ठींत आश्रयवनस्पति म्हणून अरुंडिनारिया, म्हणजे बांबूची एक जात, लिहिली होती. बांबूवरील तांबेरा शोधणारा माणूस उंसाकडे पाहत नाहीं, आणि उंसावरील तांबेरा शोधणारा बांबूच्या यादींत डोकावत नाहीं. नमुना पुन्हां तपासला गेला तेव्हां तें पान बांबूचें नसून एरिअँथस गवताचें असल्याचें ठरलें. बुरशी खरी, वर्णन खरें, चिठ्ठी मात्र खोटी. शास्त्रकारांचा नियम असा कीं एकाच जातीस दोन नांवें असतील तर आधीं रीतसर प्रसिद्ध झालेलें ग्राह्य. त्यामुळें १९४४ चें एरिअँथाय मागें पडून १९०७ चें मेलॅनोसेफाला पुढें आलें. कमिन्स या अमेरिकन पंडिताच्या तृणांवरील तांबेऱ्यांच्या ग्रंथांत इ. स. १९७१ मध्यें हें एकीकरण आलें. त्याच वर्षीं पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींतील साठे यांनीं उंसावरील नेहमींच्या तांबेऱ्याच्या नांवाची फेरतपासणी करणारें टिपण 'करंट सायन्स' मध्यें छापलें.

पोथीच्या पुष्पिकेंत लेखकानें भलताच ग्रंथ लिहून ठेवावा आणि सूचीकारानें पोथी न उघडतां पुष्पिकेवरून नोंद करावी, असे प्रकार आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. अशी पोथी नष्ट झालेली नसते, पण ज्यास ती हवी त्याच्यापुरती नष्टच असते. आसामचें तें पान अर्धशतकाहून अधिक काळ असेंच होतें. तें सुटलें एवढ्याचमुळें, कीं चिठ्ठीबरोबर पानही जपून ठेवलेलें होतें. वर्णन छापून पान फेंकून दिलें असतें तर मेलॅनोसेफाला ही बांबूचीच बुरशी राहिली असती आणि कोणास कांहीं म्हणतां आलें नसतें. वैशालीच्या मञ्जिट्ठिकेचें पान कोणाजवळ नाहीं. तेथें अट्ठकथेंतील एका शब्दानें तारलें.

रंगावरून नांव आणि नांवावरून वस्तु ठरविण्याचा धोका दुसऱ्या टोकानेंही दिसतो. नेच्यांवर, ज्यांस इंग्रजी शिकलेले लोक फर्न म्हणतात, तांबेऱ्याच्या कुलांतील बुरशी वाढतात. त्यांतल्या युरेडिनॉप्सिस व मिलेसिना या वंशांचे बीजाणु वर्णहीन असतात. पानाच्या पाठीवर पिठाची चिमूट पडावी तसा हा तांबेरा पांढरा दिसतो. एखाद्या मराठी माणसानें तो पाहिला तर तो त्यास तांबेरा म्हणणार नाहीं, आणि शब्दाशीं तो प्रामाणिकच राहील. अशा रीतीनें वैशालीचा रोग तांबडा असून तांबेरा नव्हे, आणि नेच्यावरचा तांबेरा असून तांबडा नव्हे. नेच्यांवरील या बुरशींतही आश्रयवनस्पति नीट ओळखणें हें अर्धें काम असतें. कारण त्यांतल्या अनेकांचें आयुष्य दोन घरीं जातें, अर्धें नेच्यावर आणि अर्धें अॅबीज वंशांतील वृक्षांवर, ज्यांच्या एका हिमालयी जातीस आपले वैद्य तालीसपत्र म्हणतात. एकाच बुरशीस दोन घरीं दोन निराळीं नांवें मिळालीं तर नवल नाहीं. नेचे पुरातन, म्हणून त्यांवरील तांबेरे सर्वांत आद्य, असेंही एक मत दीर्घकाळ प्रचलित होतें. इ. स. २००० नंतर बुरशींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊं लागली, तेव्हां तें मत मागें पडलें. आश्रय जुना म्हणून आश्रित जुना, हाही एक सादृश्याचाच तर्क होता.

आतां कोणी म्हणेल, कूनिआय काय आणि मेलॅनोसेफाला काय, शेतकऱ्यास दोन्ही सारखेच. तसें नाहीं. एका तांबेऱ्यास दाद न देणारा ऊंस दुसऱ्यास बळी पडूं शकतो. मेलॅनोसेफाला दीर्घकाळ आशिया व आफ्रिका खंडांतच माहीत होता. इ. स. १९७८ मध्यें तो कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताकांत दिसला, आणि पुढच्या वर्षापर्यंत क्यूबांत पसरून तेथील बी ४३६२ या जातीचें पीक त्यानें धुळीस मिळविलें. फ्लॉरिडांतही तो १९७९ मध्यें पोहोंचला. कूनिआयकडे कोणी फारसें लक्ष देत नव्हतें, त्यानें इ. स. २००० मध्यें ऑस्ट्रेलियांत क्यू १२४ या सर्वत्र लावलेल्या जातीवर पडून आपलें स्वतंत्र अस्तित्व पटवून दिलें. आमच्याकडील को ४७५ ची गोष्ट या सर्वांच्या आधींची. जगाच्या ग्रंथांत ती एका ओळींत येते. नीरेच्या कांठीं ती ज्यांनीं भोगली त्यांच्या वह्या, सोसायटीचे रोखे, कारखान्यांस घातलेल्या उंसाच्या पावत्या, हें साहित्य अजून माळ्यांवर पडून असेल. आणि इतिहासमंडळाच्या सभासदांस आमची पहिली विनंती ही आहे कीं बारामती व इंदापूर तालुक्यांतील पेशवेकालीन कागद शोधावयास जातांना १९४५ ते १९५५ या सालांच्या शेतीच्या वह्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. शंभर वर्षांपूर्वीचें नसेल तें दप्तर नव्हे, हा समज आमच्यांतील पुष्कळांचा आहे.

दुसरी विनंती पानांविषयीं. पुण्यांत विज्ञानवर्धिनीचा, म्हणजे आज आघारकर संशोधन संस्था या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा, बुरशींच्या नमुन्यांचा एक संग्रह आहे. प्राध्यापक अजरेकर यांच्या स्मरणार्थ त्यास त्यांचें नांव दिलेलें आहे. संग्रहाची रीत पोथीशाळेहून फारशी निराळी नसते. पान दाबून वाळवावयाचें, कागदाच्या घडींत घालावयाचें, आणि वर लिहावयाचें: गांव, शेताची ओळख, मिती, वनस्पतीचें नांव, पिकाची जात, आणि गोळा करणाराचें नांव. वनस्पतीच्या नांवाविषयीं खात्री नसेल तर तिचें फूल किंवा तुरा सोबत ठेवावा, म्हणजे पुढच्यास पारखतां येतें. आसामच्या पानाबरोबर तुरा असता तर बांबूचा घोटाळा झाला नसता, असें आम्हांस वाटतें. बांबू सहसा फुलत नाहीं हें खरें, पण गवत फुलतें.

हें इतकें खुलासेवार लिहितों याचें कारण सांगितलेंच पाहिजे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं इंदापूर तालुक्यांत एका नातलगांच्या मळ्यावर आम्हीं तांबेरा पडलेलें उंसाचें पान तोडलें. त्यावरचे फोड मोठे ठसठशीत होते. वर्गांत दाखविण्याकरितां तें एका कोशांत घालून ठेवलें. मञ्जिट्ठिकेचा पाठ शिकवितांना तें पान आम्हीं दरवर्षीं मुलांसमोर धरीत असूं. हें टिपण लिहूं लागलों तेव्हां कोश उघडला. पान शाबूत आहे. फोडांतील भुकटी अजून बोटास लागते. एका जाणत्या गृहस्थांस दाखविलें. त्यांनीं तें उलटसुलट करून पाहिलें, आणि ही भुकटी यंत्राखालीं ठेवली तर दोहोंपैकीं तांबेरा कोणता तें कदाचित् कळेल, असें सांगून विचारलें, कोणत्या सालचें, कोणत्या हंगामाचें, ऊंस कोणता, लागणीचा कीं खोडव्याचा? यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर आम्हांजवळ नव्हतें. मळा ज्यांचा होता ते आतां नाहींत. कोशाच्या त्या पानावर आम्हीं पेन्सिलीनें एवढेंच लिहिलें आहे: 'तांबेरा'.